खरडछाटणीचे चाळीस दिवस

द्राक्षाचा वेल महाराष्ट्रात वर्षातून दोनदा छाटला जातो आणि पीक मात्र एकदाच देतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये माल उतरला की एप्रिलच्या उन्हात खरडछाटणी होते. ओलांड्यावरच्या काड्यांना एक-दोन डोळे ठेवून बाकी सारे कापले जाते आणि हिरवी बाग आठवडाभरात नुसता सांगाडा होते. मग नवी फूट येते. शेतकरी तिची विरळणी करतो, शेंडा मारतो, पाणी कमी करतो. याच दीड-दोन महिन्यांत काडीवरच्या डोळ्यात सूक्ष्म घड तयार होतो. तो नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. काडी कापून प्रयोगशाळेत नेली, तरच सूक्ष्मदर्शकाखाली कळते. ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी झाली की तो घड बाहेर येतो. एप्रिल चुकला असेल, तर ऑक्टोबरमध्ये कितीही खत घाला, घड येत नाही.

ख्रिस्ती माणसाचा प्रायश्चित्तकाळ, म्हणजे लेन्ट, याच दिवसांत येतो. ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्या दरम्यान पडतो. राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंतचे, रविवार वगळून मोजलेले चाळीस दिवस म्हणजे बागेतला माल उतरण्याचा आणि खरडछाटणीचा हंगाम. मग लेन्टवरचा लेख दिवाळी अंकात का? कारण लेन्टचे मोल चाळीस दिवसांत काय सोडले यावरून आपण ठरवतो, आणि तिथेच चुकतो. मांसाहार टाळला, क्रूसाची वाट केली, वधस्तंभावरच्या सात शब्दांवरचे उपदेश ऐकले, ईस्टरला नवे कपडे घातले आणि हिशेब मिटला, असे होते. खरा हिशेब त्यानंतर सहा महिन्यांनी, एखाद्या साध्या कामाच्या दिवशी लागतो. छाटणीच्या दिवशी घड मोजणारा शेतकरी कुणी पाहिला आहे का?

योहानाच्या शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायात येशू स्वतःला खरा द्राक्षवेल म्हणतो आणि पित्याला माळी. तिथे छाटली जाते ती फळ देणारी फांदी, आणि तीही अधिक फळ यावे म्हणून. मूळ ग्रीक क्रियापदाचा अर्थ छाटणे आणि स्वच्छ करणे असा दुहेरी आहे. पॅलेस्टाइनमधला वेल हिवाळ्यात झोपतो आणि तेव्हाच छाटला जातो. आपला वेल झोपत नाही, तो वाढीच्या भरात असताना कापावा लागतो. म्हणून हा अध्याय मराठी शेतकऱ्याला अधिक जवळून कळावा. छाटणी सुकलेल्यालाच लागते असे नाही, जोमात असलेल्यालाही लागते. पौल गलतीकरांना आत्म्याच्या फळाविषयी लिहितो, तेव्हा फळ हा शब्द एकवचनी ठेवतो. प्रीती, सहनशीलता, ममता, सौम्यता ही त्या एका फळाची अंगे आहेत आणि त्यांतले बहुतेक गुण एकट्या माणसाला दाखवताच येत नाहीत. सहनशीलतेला समोर दुसरा माणूस लागतो. वेल आपली द्राक्षे खात नाही; आत्मिक वाढही दुसऱ्याच्या ताटात पडते तेव्हाच फळ ठरते.

याचा दाखला याच भूमीत आहे. अहिल्यानगरहून काम करणारे स्विस जेझुइट फादर हर्मन बाखर यांच्या पुढाकाराने इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम उभा राहिला. त्यात उतरणाऱ्या गावाला आधी श्रमदान करावे लागे, चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळावी लागे. आपल्याच माळावर आपलीच शेळी सोडायची नाही, आपल्याच हद्दीतले झाड तोडायचे नाही. हा साऱ्या गावाने मिळून धरलेला उपवासच होता. जालना जिल्ह्यातले कडवंची याच कार्यक्रमातून गेले आणि आज ते द्राक्षबागांसाठी ओळखले जाते. बांधबंदिस्ती उन्हाळ्यात होते, विहिरीचे पाणी पावसाळ्यानंतर वाढते, आणि ते पाणी कुणाची जात वा धर्म विचारत नाही. सोसणे आणि फळ यांच्यात काळाचे अंतर असते. ते अंतर धीराने ओलांडणे हीच श्रद्धा.

यावर पहिला आक्षेप प्रॉटेस्टंट परंपरेतून येतो आणि तो जुना आहे. १५२२च्या उपवासकाळात झुरिकमध्ये एका मुद्रकाच्या घरी मांस खाल्ले गेले आणि धर्मसुधारक झ्विंग्लीने त्या स्वातंत्र्याची बाजू घेतली. तारण कृपेने मिळते, उपवासाने विकत घेता येत नाही, हे त्याचे म्हणणे बरोबरच आहे. पण कात्री रस निर्माण करते, असे कुठलाच शेतकरी मानत नाही. रस मुळातून येतो. कात्री त्याला वाट करून देते. येशूने एकांतात आणि कुणाला न दाखवता उपवास करायला सांगितले, उपवास नको असे सांगितले नाही. ३२५च्या निकेया परिषदेच्या नियमांत या चाळीस दिवसांचा उल्लेख आहे. त्या काळी ते ईस्टरला बाप्तिस्मा घेणाऱ्यांच्या तयारीचे दिवस होते. संपूर्ण मंडळी नव्या माणसासाठी जागा करत असे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. मराठवाड्यातल्या ख्रिस्ती समाजात शेतमजुरांची आणि कोरडवाहू शेतकऱ्यांची घरे पुष्कळ आहेत. ज्याच्या ताटातच कमी आहे, त्याने काय सोडायचे? आणि दुष्काळ, कर्ज, घरातला मृत्यू यांना देवाची छाटणी म्हणायचे का? इथे स्पष्ट नाही म्हटले पाहिजे. लूकच्या तेराव्या अध्यायात शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसे दगावल्याची गोष्ट येते. ती इतरांहून जास्त पापी होती, हा समज येशू फेटाळतो. लगेच पुढे फळ न देणाऱ्या अंजिराची कथा आहे. मालक झाड तोडायला निघतो आणि माळी आणखी एक वर्ष मागतो: भोवती खणतो, खत घालतो. दुःखात असलेल्या घरापुढे मंडळीने हा माळी व्हावे, कात्री घेऊन उभे राहू नये. यशयाच्या अठ्ठावन्नाव्या अध्यायात देवाला आवडणारा उपवास सांगितला आहे तो जुलमाच्या बेड्या सोडण्याचा आणि भुकेल्याला भाकर देण्याचा. म्हणून उपवास भरल्या ताटाच्या माणसाचा आहे, आणि त्याने सोडलेला घास रिकाम्या ताटात पोचला नाही, तर ती केवळ बचत होते.

छत्रपती संभाजीनगरातल्या छावणीतल्या ख्राइस्ट चर्चमध्ये असो की कॅथलिक धर्मप्रांताच्या एखाद्या खेड्यातल्या चर्चमध्ये, येत्या राखेच्या बुधवारी पुन्हा संकल्प होतील. ते व्हावेतच. पण आज, फळछाटणीच्या या दिवसांत, प्रत्येकाने मागच्या लेन्टची काडी तपासून पाहावी. तेव्हा सोडलेला राग घरात परत आला का? वाचवलेले पैसे कुणाच्या शाळेच्या फीला लागले का? जिच्याशी बोलणे बंद होते, त्या भावजयीच्या घरी यंदा फराळाचे ताट गेले का? उत्तर नाही असेल, तर निराश होऊ नका. माळ्याने आणखी एक वर्ष मागून घेतले आहे. खणायला आजच लागा.