यात्रेकरूचं कुलूप

काशीतल्या ब्रह्माघाट-दुर्गाघाट भागातली मराठी वस्ती आजची नाही. पेशव्यांचे गुरू नारायण दीक्षित पाटणकर यांनी अठराव्या शतकात इथे घाट बांधले आणि त्यांच्या आसऱ्याने मराठी कुटुंबं वसली. त्या वस्तीतल्याच एका जुन्या वाड्यात एक गुरुजी राहत. महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रेकरूंना खालच्या खोल्यांत उतरवायचं आणि घाटावर त्यांचं श्राद्ध-पिंडदान करवायचं, हा घरचा पिढीजात व्यवसाय. यजमानांची गावं, गोत्रं आणि तीन-तीन पिढ्यांची नावं पूर्वी लाल फडक्यात बांधलेल्या वह्यांत असत. गुरुजींनी ती सगळी चिकाटीने लॅपटॉपवर उतरवून घेतली होती.

त्यांचा पुतण्या नाशिकहून बनारस हिंदू विद्यापीठात संख्याशास्त्र शिकायला आला आणि वाड्यातच राहू लागला. अभ्यासासाठी त्याला लिनक्स हवं होतं, पण स्वतःचा लॅपटॉप नव्हता. एके संध्याकाळी त्याने विषय काढला.

"काका, तुमच्या लॅपटॉपवर मी दुसरी प्रणाली चालवू का? लिनक्स म्हणतात. १९९१ मध्ये फिनलंडच्या एका विद्यार्थ्याने सुरू केली, आता जगभरचे लोक मिळून ती सांभाळतात. फुकट असते."

"फुकट? काशीत फुकट मिळतं ते अन्नपूर्णेच्या अन्नक्षेत्रात. बाकी सगळ्याला दक्षिणा लागते. माझ्या यजमानांच्या नोंदींचं काय?"

"त्यांना धक्काही लागणार नाही. माझं सगळं या बाहेरच्या हार्ड ड्राइव्हवर राहील. ती जोडली की लिनक्स, काढली की तुमचं विंडोज."

गुरुजींनी मान डोलावली. पुतण्याने पेनड्राइव्हवरून लिनक्सचा इन्स्टॉलर सुरू केला, बाहेरची ड्राइव्ह निवडली आणि तासाभरात काम उरकलं. ड्राइव्ह फिरत्या तबकडीची असल्याने प्रणाली उठायला जरा वेळ घेई, पण काम नीट होई. लॅपटॉप सुरू करताच आता एक यादी दिसे: वर लिनक्स, खाली विंडोज. सकाळी गुरुजी खालचं नाव निवडत. ड्राइव्ह रात्रंदिवस जोडलेलीच असे, त्यामुळे सगळं ठीक चाललंय असं दोघांनाही वाटलं.

पितृपक्ष लागला. एका रात्री पुतण्या ड्राइव्ह दप्तरात टाकून वसतिगृहात मित्राकडे अभ्यासाला गेला. पहाटे साताऱ्याकडचं एक कुटुंब खाली येऊन बसलं. गुरुजींनी लॅपटॉपचं बटण दाबलं. काळ्या पडद्यावर पांढरी इंग्रजी अक्षरं उमटली, त्यांत 'ग्रब' असा एक शब्द होता आणि पुढे काहीच नाही. पुन्हा बंद केला, पुन्हा चालू केला, तेच. शेवटी काकूंनी माळ्यावरून लाल फडकं उतरवलं. गुरुजींनी धूळ झटकून पानं उलटली, त्या कुटुंबाच्या पणजोबांचं नाव सापडलं, आणि संकल्प व्हायला उन्हं वर आली.

दुपारी पुतण्या परतला. त्याने घाईघाईने ड्राइव्ह जोडली, यादी आली, विंडोज उघडलं.

"हे बघा काका, काही बिघडलेलं नाही. तुमच्या नोंदी जशाच्या तशा आहेत."

"आहेत रे. पण माझ्याच नोंदींपर्यंत जायला मला तुझी वाट पाहावी लागली."

पुतण्या गप्प झाला.

गुरुजी शांतपणे म्हणाले, "खाली उतरलेला यात्रेकरू स्वतःचं कुलूप आणतो, आपल्या खोलीला लावतो आणि किल्ली जानव्याला बांधून गंगेवर जातो. आपण कधी हरकत घेतली?"

"नाही."

"उद्या त्याने तेच कुलूप वाड्याच्या दिंडीदरवाजाला लावलं आणि किल्ली घेऊन गयेला गेला, तर?"

पुतण्याला आपली चूक नेमकी कळली. संगणक सुरू होताना, विंडोज किंवा लिनक्स उठण्याआधी, एक छोटा प्रोग्राम जागा होतो आणि कोणती प्रणाली उठवायची ते ठरवतो. त्याला बूटलोडर म्हणतात; पडद्यावर दिसलेला 'ग्रब' हा लिनक्ससोबत आलेला बूटलोडरच. लिनक्सचं बाकी सगळं बाहेरच्या ड्राइव्हवर गेलं होतं, पण बूटलोडर मात्र लॅपटॉपच्या आतल्या डिस्कवर जाऊन पहिल्या क्रमांकावर बसला होता. काही इन्स्टॉलरांची ही जुनी खोडच आहे. बूटलोडर आत आणि त्याला लागणाऱ्या पुढच्या फायली बाहेर. ड्राइव्ह दप्तरात गेली की तो अडून बसणारच.

त्याने कामाला हात घातला. लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये जाऊन विंडोजला पुन्हा पहिला क्रमांक दिला. मग आतली डिस्क तात्पुरती सोडवून ठेवली, म्हणजे इन्स्टॉलरला तिकडे हात घालायला वावच उरू नये. बाहेरच्या ड्राइव्हवर बूटलोडरसाठी वेगळा छोटा विभाग केला आणि लिनक्स नव्याने बसवलं. आतली डिस्क परत जोडल्यावर, लिनक्स हवं तेव्हा सुरू होतानाच बूटची यादी उघडायची आणि ड्राइव्ह निवडायची, अशी सोय झाली. त्या लॅपटॉपवर ती यादी 'एफ बारा' या कळीने उघडे.

"चालतंय काका," असं म्हणून त्याने ड्राइव्ह जोडून लिनक्स दाखवलं.

"ते चालतंय हे मला पहिल्या दिवशीही दिसलं होतं," गुरुजी म्हणाले. "आता ती डबी काढ, घराबाहेर नेऊन ठेव, आणि मग बटण दाब."

पुतण्याने ड्राइव्ह काढली, ओसरीवर नेऊन ठेवली आणि लॅपटॉप चालू केला. कुठलीही यादी न येता विंडोज उघडलं. मगच गुरुजींनी दुसऱ्या दिवशीच्या यजमानाचं नाव शोधायला घेतलं. लाल फडक्यातल्या वह्या मात्र त्यांनी माळ्यावर परत ठेवल्या नाहीत, हाताशी फडताळात ठेवल्या.

तात्पर्य: दुसऱ्याच्या घरी आपली सोय करून घेताना, आपण असताना काय चालतं एवढंच पाहू नये. आपण निघून गेल्यावर यजमानाचं काय अडतं, हे जाण्याआधी तपासावं.