तारणाची खात्री कशाच्या आधारावर?

‘माझे तारण झाले आहे, याची मला खात्री आहे,’ असे ख्रिस्ती माणूस म्हणाला की ऐकणाऱ्या पुष्कळांच्या कपाळाला आठी पडते. उद्याचा भरवसा नसताना हा माणूस मरणानंतरची हमी कशाच्या जोरावर देतो? स्वतःला पुण्यवान समजण्याचाच हा एक प्रकार नव्हे का? हा आक्षेप ख्रिस्ती धर्माबाहेरच्यांचाच आहे असे नाही. १३ जानेवारी १५४७ रोजी ट्रेंट येथील कॅथलिक धर्मपरिषदेने नीतिमान ठरवले जाण्याविषयीचा आपला निर्णय जाहीर केला, तेव्हा त्यात एक संपूर्ण प्रकरण याच खात्रीच्या विरोधात होते. आपल्याला देवाची कृपा लाभली आहे हे कोणीही चुकीला जागाच उरू नये इतक्या निश्चितीने जाणू शकत नाही, असे परिषदेने बजावले. मात्र त्याच प्रकरणात आणखी एक गोष्ट आहे आणि वादाच्या धुरळ्यात तिच्याकडे दुर्लक्ष झाले. देवाच्या दयेविषयी आणि ख्रिस्ताने जे केले त्याविषयी भाविकाने शंका घेऊ नये; शंका घ्यायची ती स्वतःच्या दुबळेपणाविषयी, असा त्या विवेचनाचा रोख आहे. म्हणजे खात्रीचे दोन विषय आहेत: देव आणि मी. माझे म्हणणे एवढेच आहे की ख्रिस्ती आशा पहिल्या विषयावर उभी आहे, आणि ती दुसऱ्यावर उभी केली की हमखास कोसळते.

ती कशी कोसळते हे मार्टिन लूथरने स्वतः भोगले होते. एर्फुर्टच्या मठात तो तासन्‌तास पापांगीकार करी, उठून जाई आणि एखादे पाप सांगायचे राहिले म्हणून परत येई. त्याची अडचण पापांच्या संख्येची नव्हती. आपला पश्चात्ताप खरा आहे की शिक्षेच्या भीतीपोटी आलेला आहे, हे त्याला ठरवता येत नव्हते, आणि जितके आत पाहावे तितके ते अवघड होत जाई. रोमकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायात त्याला वाट सापडली. देवाचे नीतिमत्त्व म्हणजे देव ज्याने माणसाला तोलतो ते माप नव्हे, तर तो विश्वास ठेवणाऱ्याला फुकट देतो ते दान, असे त्याला उमगले. नजर आतून बाहेर वळली आणि त्याची सुटका झाली. पण पुढच्या शंभर वर्षांत त्याच्या मागून आलेल्यांनी, विशेषतः इंग्लंडच्या प्युरिटन मंडळींनी, तीच नजर पुन्हा आत वळवली. पश्चात्ताप खरा आहे का, या प्रश्नाच्या जागी विश्वास खरा आहे का, हा प्रश्न आला. देवाने तारणासाठी निवडलेल्यांची लक्षणे कोणती आणि ती आपल्यात दिसतात का, हे तपासणारी पुस्तके निघाली, रोजनिशा भरू लागल्या. १६४६ मध्ये तयार झालेल्या वेस्टमिन्स्टरच्या विश्वासनाम्याला शेवटी मान्य करावे लागले की खऱ्या विश्वासणाऱ्यालाही ही खात्री मिळायला फार काळ लागू शकतो. प्रामाणिक कबुलीच ती. विश्वास हे तोलून पाहायचे एक कर्म झाले की लूथरचा मठ प्रत्येकाच्या उशाशी येऊन बसतो.

खुद्द पौलाकडे पाहिले तर हा घोटाळा दिसत नाही. रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायाच्या शेवटी तो मरण, जीवन, देवदूत, अधिपती, वर्तमान, भविष्य अशी मोठी यादी देतो आणि यांपैकी काहीही आपल्याला वेगळे करू शकणार नाही असे म्हणतो. कशापासून वेगळे? त्याच्या देवावरील प्रेमापासून नव्हे. ख्रिस्तामध्ये प्रकट झालेल्या देवाच्या प्रेमापासून. तोच पौल करिंथकरांना लिहिताना, इतरांना उपदेश करून आपण स्वतः मात्र नापसंत ठरू नये म्हणून शरीराला ताब्यात ठेवतो, असे सांगतो. हा विरोधाभास वाटतो खरा, पण एका ठिकाणी तो देवाविषयी बोलत आहे आणि दुसऱ्या ठिकाणी स्वतःविषयी. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसने आशेच्या निश्चितपणाचा विचार केला, तेव्हा तोही याच निष्कर्षाला आला. आशा मुख्यतः माणसाला आधीच मिळालेल्या कृपेवर भिस्त ठेवत नाही, तर देवाच्या सामर्थ्यावर आणि दयेवर ठेवते. म्हणून ती पक्की असते. लूथरच्या दोनशेहून अधिक वर्षे आधी एका कॅथलिक पंडिताने हे लिहून ठेवले होते. पुढच्या भांडणात दोन्ही बाजूंनी ते अधिक जपायला हवे होते.

आपल्याकडच्या वाचकाला हा वाद अनोळखी वाटू नये. दक्षिणेतील श्रीवैष्णवांमध्ये मर्कटकिशोर आणि मार्जारकिशोर असे दोन न्याय सांगितले जातात. माकडाचे पिल्लू आईला घट्ट धरून राहते. मांजराच्या पिल्लाला आईच तोंडात धरून नेते. ख्रिस्ती आशा दुसऱ्या न्यायाच्या जवळची आहे. एक फरक मात्र महत्त्वाचा आहे. ही आशा ईश्वराच्या कनवाळू स्वभावाविषयीच्या अनुमानावर थांबत नाही; ती पंतय पिलाताच्या काळात यरुशलेमेत घडलेल्या एका गोष्टीला बांधलेली आहे. ख्रिस्त उठला नसेल तर तुमचा विश्वास निष्फळ आहे, हे पौलाने स्वतःच करिंथकरांना स्पष्ट सांगून टाकले आहे. पुनरुत्थान झालेच नाही असे ज्याचे मत आहे त्याने ही आशा नाकारणे तर्काला धरूनच आहे, आणि तिला नुसते मनाचे समाधान म्हणून गोंजारण्यापेक्षा ते अधिक सरळ आहे. मात्र ती गोष्ट घडली असेल, तर माझ्या मनाच्या चढउतारांनी ती घडलेली नाहीशी होत नाही.

खरी कसोटी इथेच लागते. इंग्लंडमधील ओल्नी गावात जॉन न्यूटन हा धर्मगुरू आणि विल्यम कूपर हा कवी शेजारी राहत आणि मिळून भक्तिगीते लिहीत. १ जानेवारी १७७३ च्या उपासनेसाठी न्यूटनने कृपेविषयीचे ते गीत रचले, जे आज ‘अमेझिंग ग्रेस’ म्हणून जगभर गायले जाते. त्याच महिन्यात कूपरचे मन ढासळले. पुढे एका स्वप्नात त्याला आपला सर्वनाश ठरल्याचा शब्द ऐकू आला आणि देवाने आपल्याला कायमचे टाकले आहे ही समजूत १८०० साली मरेपर्यंत त्याच्या मनातून पुरती गेली नाही. १७७९ मध्ये त्या दोघांचा गीतसंग्रह निघाला. त्यात कूपरची साठाहून अधिक गीते आहेत आणि लोकांनी ती मरणाऱ्यांच्या उशाशी म्हटली. त्यांचा कर्ता मात्र प्रार्थनेलाही आपण लायक नाही असे समजून जगत होता. तारणाची खात्री म्हणजे खात्री वाटणे असेल, तर न्यूटन तरला आणि कूपर बुडाला असे म्हणावे लागेल. मला हे अमानुष वाटते, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे शुभवर्तमानाच्या विरुद्ध वाटते. मार्काच्या नवव्या अध्यायात आजारी मुलाचा बाप येशूला एका दमात सांगतो की माझा विश्वास आहे आणि माझा अविश्वास घालवून टाक. येशू त्याला विश्वास पुरता झाल्यावर ये असे सांगत नाही. मुलगा बरा होतो. इब्रींस पत्रात आशेला जिवाचा नांगर म्हटले आहे, तो रुतलेला आहे पडद्याच्या आत, देवापाशी. वादळ गलबतावर आहे. आजारी मनाच्या माणसाला ‘तुझा विश्वास कमी पडतो’ असे सांगणारे उपदेशक आजही भेटतात. त्यांनी मार्काचा तो अध्याय पुन्हा वाचावा, ही माझी कळकळीची विनंती आहे.

आता नेहमीचा आक्षेप: तारण असे फुकट आणि पक्के असेल तर माणूस बेबंद होणार नाही का? कर्माचे फळ चुकत नाही, या विचारात वाढलेल्या आपल्या मनाला हा प्रश्न फारच सयुक्तिक वाटतो. पौलालाही तो विचारला गेला होता आणि रोमकरांस पत्राचा सहावा अध्याय त्याच्या उत्तरातच जातो. त्याचे उत्तर असे की ख्रिस्ताबरोबर जो मेला आणि उठला त्याचा धनीच बदलला. तर्काने हे कितपत पटेल ते पटो. प्रत्यक्षात काय होते, ते पंडिता रमाबाईंच्या आयुष्यात दिसते. १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. १९०७ च्या आपल्या साक्षीत त्या सांगतात की त्यानंतर सुमारे आठ वर्षे त्यांना ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण ख्रिस्त सापडला नव्हता. बाप्तिस्मा, मंडळी, मतांचा अभ्यास हे सारे असूनही मन अस्वस्थ होते. स्वतःकडचे काहीही पुढे न करता ख्रिस्ताला शरण गेल्यावर शांती आली. त्यानंतर त्या स्वस्थ बसल्या का? १८९६ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या, उपासमारीने हाडांचा सापळा झालेल्या शेकडो मुली-बायकांना घेऊन आल्या आणि केडगावला मुक्ती सदन उभे राहिले. स्वतःचे पारडे जड करण्याची चिंता उरली नाही, म्हणून दोन्ही हात दुसऱ्यासाठी मोकळे झाले. याकोब कर्मांशिवायच्या विश्वासाला निर्जीव म्हणतो, तेही इथे खोटे ठरत नाही; जिवंत झाडाला फळ लागते, पण फळांनी मूळ तयार होत नाही.

दुसरा आक्षेप पवित्र शास्त्रातूनच येतो आणि तो अधिक अवघड आहे. ज्या इब्रींस पत्राच्या सहाव्या अध्यायात नांगर आहे, त्याच अध्यायात, त्याच्या थोडेसे आधी, एकदा प्रकाश मिळूनही पतित झालेल्यांविषयी अंगावर काटा आणणारा इशारा आहे. १६१८-१९ च्या डॉर्ट येथील धर्मसभेने म्हटले की खरा विश्वासणारा शेवटी टिकतोच आणि असे इशारे हे त्याला टिकवण्याचे देवाचे साधन आहे. जॉन वेस्ली यांना २४ मे १७३८ रोजी लंडनमध्ये ख्रिस्तावर भाव ठेवल्याची आणि क्षमेची खात्री लाभली, तरी माणूस कृपेतून पडू शकतो असे ते शिकवत राहिले. मी या दोघांत निवाडा करणार नाही. पण एकदा तरलो म्हणजे कायमचे तरलो, ही सुटसुटीत घोषणा दोघांच्याही गांभीर्याला शोभत नाही. अभिवचन हे पेटीत ठेवून विसरून जाण्याचे कागदपत्र नव्हे. ते जिवंत देवाचा शब्द आहे आणि त्याच्यावर आज टेकायचे असते. इशारा त्याला आहे, जो टेकणे सोडून निर्धास्त झाला. अभिवचन त्याला आहे, जो घाबरून हात पुढे करतो. अक्वायनसने आशेविरुद्धची दोन पापे सांगितली, निराशा आणि उद्दाम निर्धास्तपणा. एकच वाक्य दोन्ही रोगांवर चालत नाही, हे ज्याला माणसे सांभाळायची आहेत त्याला लवकर कळते.

३१ ऑक्टोबर १९९९ रोजी आउग्सबुर्ग येथे कॅथलिक चर्च आणि लुथरन जागतिक महासंघ यांनी नीतिमान ठरवले जाण्याविषयीच्या संयुक्त घोषणेवर सह्या केल्या. स्वतःच्या दुर्बलतेकडे पाहून चिंता वाटली तरी विश्वासणाऱ्याने देवाच्या दयेवर आणि अभिवचनांवर विसंबावे, हे दोघांनी मिळून मान्य केले. साडेचारशे वर्षांनी झालेली ही जुळणी अपुरी आहे, पण पोकळ नाही. तिच्यातून एक बंधनही येते आणि ते खात्रीची भाषा बोलणाऱ्यांनी पाळायला हवे. ही खात्री देवाच्या विश्वासूपणाची असेल, तर शेजारी तरला की नाही याचा निकाल तिच्यातून काढता येत नाही. शेजाऱ्याचे अंतःकरण माझ्यापुढे उघडे नाही. माझे स्वतःचेही पुरते नाही. त्याच्यासाठी मला आशाच धरता येते, जिच्यावर मी स्वतः उभा आहे तीच, आणि त्याला शुभवर्तमान सांगायचे ते याच आशेने.