रफू

गेल्या दिवाळीत माझा भाचा पुण्याहून आला तो फराळाच्या डब्यांकडे न वळता सरळ स्वयंपाकघरात माझ्यापाशी आला. मी चकल्या तळत होते. “मावशी, तू मुलांच्या वह्यांतल्या चुका काढतेस ना? मग या गाण्यात एक सांधा आहे, तो कुठे आहे ते सांग,” असे म्हणून त्याने आपला हेडफोन माझ्या कानांवर चढवला.

गाणे बीटल्सचे होते, ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरेव्हर’. माझा कान नाट्यपदांवर आणि भावगीतांवर वाढलेला. माझे इंग्रजी शाळेपुरते. तरी मी ते गाणे तीनदा ऐकले. चकल्यांचा एक घाणा करपला, पण सांधा काही सापडला नाही. शेवटी तो म्हणाला, “साधारण एक मिनिट झालं की लक्ष दे.” लक्ष दिले मात्र, आणि आवाज एकदम जड झाल्यासारखा, पाण्याखाली गेल्यासारखा वाटला. तेव्हापासून माझी पंचाईत झाली आहे. आता मला ते गाणे सलग ऐकूच येत नाही. कुणी आपल्या कोटावरचे रफू बोटाने दाखवावे आणि मग आपली नजर दुसरीकडे जाऊच नये, तसे झाले आहे.

त्या गाण्याची हकीकत मी नंतर मिळेल तिथून वाचून काढली. ती मोठी सुरस आहे. जॉन लेनन लिव्हरपूलला आपल्या मावशीच्या घरी वाढला. (मावश्यांचे या जगावर किती उपकार आहेत याची नोंद कुणी ठेवीत नाही, ती मी इथे करून ठेवते.) त्या घराजवळ साल्व्हेशन आर्मीने चालवलेला मुलांचा एक आश्रम होता. त्याचे नाव स्ट्रॉबेरी फील्ड. त्याच्या बागेत तो लहानपणी खेळायला जाई. पुढे या बागेवर त्याने गाणे केले, आणि २४ नोव्हेंबर १९६६ रोजी लंडनच्या अ‍ॅबी रोडवरील ईएमआय कंपनीच्या स्टुडिओत ते ध्वनिमुद्रित करायला चौघे जमले.

याच स्टुडिओत ११ फेब्रुवारी १९६३ या एका दिवसात याच चौघांनी आपल्या पहिल्या तबकडीसाठी दहा गाणी गाऊन टाकली होती. आता एका गाण्याला महिना लागला. कारण मधल्या काळात एक गोष्ट घडली होती. श्रोत्यांच्या किंकाळ्यांत स्वतःचे गाणे स्वतःलाच ऐकू येईनासे झाले, तेव्हा ऑगस्ट १९६६ मधल्या सॅन फ्रान्सिस्कोच्या कार्यक्रमानंतर त्यांनी दौरे बंद केले. गाणे आता कुठे उभे राहून म्हणून दाखवायचे नव्हते. ते फक्त फितीवर असले की पुरे होते.

प्रथम त्यांनी ते गाणे हळुवारपणे बांधले. सुरुवातीला बासरीसारखा जो स्वर येतो तो मेलोट्रॉन नावाच्या पेटीचा. या पेटीची एकेक पट्टी दाबली की आत एकेक फीत फिरते आणि कुणीतरी कधीतरी वाजवून ठेवलेली बासरी ऐकू येते. पण लेननचे समाधान होईना. मग जॉर्ज मार्टिन या त्यांच्या निर्मात्याने चार ट्रम्पेट आणि तीन चेलो घालून दुसरे रूप लिहिले. ते वेगवान आणि जोरकस होते. आता लेननला दोन्ही आवडू लागली! सातव्या वेळची सुरुवात चांगली आणि सव्विसाव्या वेळचा शेवट चांगला. तेव्हा दोन्ही जोडून टाका, असे त्याने सांगितले. मार्टिन म्हणाला, दोन अडचणी आहेत. दोहोंची पट्टी निराळी आणि लय निराळी. लेननने ते शांतपणे ऐकून घेतले आणि हे काम तुम्हाला जमेल, असे म्हणून तो मोकळा झाला.

गंमत अशी की, फीत जलद फिरवली की लयही वाढते आणि स्वरही चढतो; हळू फिरवली की दोन्ही उतरतात. इथे जे रूप जलद होते तेच नेमके वरच्या पट्टीत होते. उलटे असते तर सगळाच खेळ आटोपला असता. २२ डिसेंबर १९६६ रोजी मार्टिन आणि जेफ एमेरिक या एकवीस वर्षांच्या तंत्रज्ञाने एक फीत किंचित वाढवली, दुसरी उतरवली, पात्याने तिरका काप दिला आणि दोन टोके चिकटपट्टीने जोडली. आज जगाला ठाऊक असलेले गाणे ते हे. ते सबंध असे कुणीही, कधीही गायलेले नाही.

हे वाचले तेव्हा माझ्यातली मास्तरीण आधी जागी झाली. जे गायले नाही ते गायले म्हणून ऐकवणे ही लबाडी नव्हे का? आपल्या मैफलीत गवयाचा स्वर लागला तर लागला, नाही तर नाही. तिथे मंगळवारचा षड्ज आणून गुरुवारच्या तानेला चिकटवता येत नाही. पण मग माझ्यातल्या कादंबरीकारणीने तिला गप्प बसवले. माझ्या एका कादंबरीतला मृत्यूचा प्रसंग वाचून, हा एका बैठकीत उतरला असणार, असे एका वाचकांनी मला कळवले होते. तो तीन वह्यांतून कात्रीने कापून खळीने जोडलेला होता. मी त्यांना तसे कळवले नाही. कळवायला हवे होते असे मला आजही वाटत नाही. कादंबरी ही माझ्या बैठकीची हकीकत नसते. तसेच ती तबकडी हे कुठल्या मैफलीचे वर्णन नव्हते. गाणे म्हणून जे काही होते ते तीच होती.

माझ्या लहानपणी आमच्या गावच्या बाजारात एक रफूगार बसत. वडिलांचा लोकरीचा कोट कसरीने खाल्ला होता. तो त्यांनी असा रफू करून दिला की वडील पुढे चार लग्नांत तो घालून मिरवले. त्यात कुणाची फसवणूक झाली? तोच कोट दुकानदाराने नवा म्हणून विकला असता तर मात्र झाली असती. दोरा तोच, सुई तीच, बोटेही तीच. पाप रफूत नव्हते, असलेच तर ते चिठ्ठीत होते. कापडाला दुकानदार किमतीची चिठ्ठी लावतो ना, तिच्यात.

एवढ्यावर हा लेख संपवता आला असता तर बरे झाले असते. पण भाच्याने मला तो सांधा शोधायला लावला तेव्हा मला जे आठवले ते सांगायचे राहिले आहे.

काही वर्षांपूर्वी आंतरशालेय निबंधस्पर्धा होती. शाळेतून एकच निबंध पाठवायचा होता. विषय होता ‘माझ्या गावची नदी’. सातवीतल्या दोन मुलींचे निबंध माझ्यासमोर होते. एकीची सुरुवात सुरेख होती, पण पुढे ती नदीची लांबी आणि उगम सांगत बसली. दुसरीची सुरुवात रटाळ, पण शेवट असा की माझ्या अंगावर काटा आला. पुराच्या दुसऱ्या दिवशी तिची आजी नदीला हळदकुंकू वाहायला जाते, एवढाच प्रसंग. मी काय केले असेल ते वाचकांनी ओळखलेच असेल. मधली दोन वाक्ये माझी घातली, लय जुळवली आणि निबंध एकीच्या नावाने पाठवून दिला. अर्जात नावाला जागाच एक होती. निबंधाला दुसरे बक्षीस मिळाले. प्रार्थनेच्या वेळी सगळ्या शाळेसमोर तो वाचला गेला. टाळ्या वाजवणाऱ्यांत ती दुसरी मुलगी होती. मधल्या सुट्टीत ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, “बाई, आजीचं चांगलं झालं होतं ना?” मी म्हटले, “फार चांगलं झालं होतं. तू शाळेसाठी लिहिलंस असं समज.” आणि मी तिला एक शाईचे पेन दिले. तिने ते घेतले. त्या दोन वह्या मात्र मी परत दिल्या नाहीत. त्या अजून माझ्या कपाटात आहेत.

त्या गाण्यानंतर बीटल्सनी मुख्यतः त्याच स्टुडिओत ‘सार्जंट पेपर्स लोनली हार्ट्स क्लब बँड’ ही तबकडी केली. सांधलेले गाणे तिच्यात आले नाही. कंपनीला मध्ये एक छोटी तबकडी हवी होती म्हणून ते फेब्रुवारी १९६७ मध्ये वेगळे निघाले. मोठ्या तबकडीतही सांधे पुष्कळ आहेत. एका गाण्यात जत्रेतल्या वाद्यांच्या फितीचे तुकडे करून, उधळून, हाताला येतील तसे जोडलेले आहेत. शेवटच्या गाण्यात चोवीस मात्राखंड मोकळे सोडले होते. ते मोजायला त्यांचा मदतनीस मॅल इव्हान्स मोठ्याने आकडे म्हणत होता, आणि मोजणी संपल्याची खूण म्हणून त्याने गजराचे घड्याळ लावले होते. पुढे त्या जागी चाळीस वादकांचा ताफा आला, पण घड्याळाचा गजर काढता येईना. तो राहिला तो राहिलाच. आणि पुढचे कडवे नेमके झोपेतून उठण्याचेच निघाले. बरोबर तालात बसलेला तो गजर मला फार आवडतो. तिथे टाका झाकलेला नाही.

पण या तबकडीतल्या एका गाण्यापाशी मी थांबले. जॉर्ज हॅरिसनचे ‘विदिन यू विदाउट यू’. १५ मार्च १९६७ रोजी त्याच स्टुडिओत गालिचे अंथरले, उदबत्त्या लावल्या, दिवे मंद केले, आणि लंडनच्या एशियन म्युझिक सर्कल या संस्थेकडून आलेले भारतीय वादक मांडी घालून बसले. दिलरुबा, तंबोरा, तबला. बाकीचे तिघे बीटल त्या गाण्यात नाहीतच. ३ एप्रिलला मार्टिनने त्यावर आठ व्हायोलिने आणि तीन चेलो चढवले, आणि दिलरुब्याची मींड व्हायोलिनवाल्यांकडून काढून घेताना त्याला पुरेसे कष्ट पडले. सांधा उत्तम जमला.

आता त्या तबकडीचे वेष्टन पाहा. ते अतिशय प्रसिद्ध आहे. चौघे बीटल बँडवाल्यांच्या झगमगीत पोशाखात उभे, मागे नामवंतांची गर्दी, बाजूला त्यांचेच मेणाचे पुतळे. वेष्टनावर छायाचित्रकाराचे नाव आहे. मांडणी करणाऱ्यांची नावे आहेत. मेणाचे पुतळे मादाम तुसाँकडचे, हेही छापले आहे. दिलरुबा वाजवणाऱ्यांचे नाव नाही.

त्या काळची रीतच तशी होती, असे कुणी म्हणेल, आणि ते खरे आहे. चाळीस वादकांच्या ताफ्याची नावे तरी कुठे आहेत? रोजाने वाजवायला यायचे, पैसे घ्यायचे, घरी जायचे. आपल्याकडेही ही रीत होती. कुत्र्याच्या चित्राच्या ज्या तबकड्या आपल्या घरोघरी वाजल्या त्याही ईएमआयच्याच परिवारातल्या. आणि १९४९ साली ‘महल’ चित्रपटातले ‘आयेगा आनेवाला’ निघाले तेव्हा तबकडीवर गायिका म्हणून ‘कामिनी’ छापले होते. कामिनी हे पडद्यावरच्या पात्राचे नाव! गाते कोण, असे विचारणारी पत्रे रेडिओकडे गेली आणि मग लता मंगेशकर हे नाव लोकांना कळले. तिथे आवाजच असा होता की नाव झाकून राहणार नव्हते. तंबोऱ्यावाल्याला कोण पत्र लिहिणार?

तरीही ‘रीत होती’ म्हणून माझे समाधान होत नाही, याचे कारण बीटल्सचीच आधीची तबकडी आहे. १९६६ च्या ‘रिव्हॉल्व्हर’मध्ये हॅरिसनच्याच एका गाण्याला तबला आहे, आणि तिच्या वेष्टनावर स्वच्छ छापले आहे : अनिल भागवत, तबला. हे आडनाव वाचून कुणाही मराठी माणसाचे कान टवकारतील. म्हणजे एका वर्षी नावाला जागा होती आणि पुढच्या वर्षी, मेणाच्या पुतळ्यांना असूनही, ती उरली नाही. पैसे दोन्ही वेळी दिलेच असतील. मीही पेन दिले होते.

अमृत गज्जर, अण्णा जोशी, बुद्धदेव कंसारा, नटवर सोनी. ही नावे लोकांपुढे यायला कित्येक दशके लागली. २०१७ मध्ये तबकडीची पन्नाशी साजरी झाली तेव्हा ती वर्तमानपत्रांतून आली. मी ती पुन्हा लिहिते आहे ते हॅरिसनला दोष देण्यासाठी नव्हे. भारतीय वाद्यांवर त्याची माया खरी होती. १९६८ च्या जानेवारीत तो मुंबईला येऊन शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया यांच्यासारख्यांना घेऊन ध्वनिमुद्रण करून गेला. मायेने मांडीला मांडी लावून बसलेला माणूसही नाव घालायला विसरतो, हेच मला त्यात चटका लावून गेले. मला तर त्या दुसऱ्या मुलीचा लळा पहिलीपेक्षा जास्त होता.

या वर्षी शाळेच्या हस्तलिखित दिवाळी अंकात तो निबंध दोघींच्या नावांनी घ्यायचा असे मी ठरवले आणि दोघींना पत्रे घातली. आता त्या मोठ्या झाल्या आहेत. एक तालुक्याला कॉलेजात, दुसरी नाशिकला नर्सिंगला. पहिलीने पत्र मिळताच फोन केला. “बाई, बरं झालं. आई अजून पाहुण्यांना तो कप दाखवते, आणि मी तेवढा वेळ आत पाणी आणायला जाते.” हिच्याही वाट्याला काही आले असेल, हे माझ्या ध्यानातच नव्हते.

दुसरीचे उत्तर आठ दिवसांनी आले. आंतर्देशीय पत्र, अक्षर तेच तिरके. खुशाली, परीक्षेच्या तारखा, आजी गेल्याची बातमी, आणि निबंध घ्यायला हरकत नसल्याचे. खाली कडेला लिहिले होते : “बाई, पहिल्या भागात ओल्या वाळूवरच्या बगळ्यांच्या पावलांचं वाक्य आहे, तेही माझंच होतं. ते तिचं म्हणून लिहाल, म्हणून सांगितलं.”

मला ते पटले नाही. सुरुवात सगळी पहिलीची, हे मी इतकी वर्षे पक्के धरून होते. तरी कपाटातून दोन्ही वह्या काढल्या. बगळ्यांचे वाक्य दुसरीच्याच वहीत होते, आणि समासात माझ्या लाल शाईत लिहिले होते, ‘छान’.