पोटातला वैश्वानर आणि आईची संकष्टी

आजचं चिंतन : भगवद्गीता, अध्याय १५, श्लोक १४.

भगवंत म्हणतात, प्राण्यांच्या देहात मीच जठराग्नी होऊन राहतो, प्राण-अपानाची साथ घेतो आणि चार प्रकारचं अन्न पचवतो. माउलींनी यावर लिहिताना प्राण-अपानाला लोहाराच्या भात्याची उपमा दिलीय. रात्रंदिवस तो भाता चालू असतो आणि आपल्याला पत्ताही नसतो. जेवण झालं की आपण मोबाइल उचलतो, आत देव कामाला लागतो.

पण हा भाताच मंदावला तर? हा प्रश्न एका ताईंनी कळवलाय. ताई पुण्यात नोकरीला, आईबाबा कळंबला. आईला सात वर्षांपूर्वी स्तनाचा कॅन्सर झाला होता. ऑपरेशन झालं, केमो झाली, सगळं नीट चाललं होतं. यंदा आईचं जेवण कमी झालं. दोन घास खाल्ले की पोट भरायचं, मग मळमळ. घरी सगळे म्हणाले, ॲसिडिटी आहे. शेवटी तपासात कळलं की तोच जुना आजार जठरापर्यंत पोचलाय. आणि आई म्हणते, "संकष्टी सोडणार नाही. चिंतामणीला शब्द दिलाय."

आधी थोडं आजाराबद्दल, कारण अर्धी भीती नीट माहिती नसण्याची असते. जठरात सापडला म्हणून तो जठराचा कॅन्सर होत नाही. पेशी ज्या घरातून निघाली, त्याच घरच्या नावाने ओळखली जाते. म्हणून औषधंही स्तनाच्या कॅन्सरचीच : गाठ हार्मोनवर वाढणारी असेल तर त्या गोळ्या किंवा इंजेक्शनं, नाहीतर केमो. अन्नाची वाट अडली नसेल तर जठर कापायची वेळ सहसा येत नाही. स्तनाच्या कॅन्सरचा लोब्युलर नावाचा प्रकार आहे, शंभरात साधारण दहा-पंधरा जणींना होणारा. त्यातल्या पेशी एकमेकींना घट्ट धरून राहत नाहीत, सुट्या सुट्या पसरतात, आणि पोटाकडे जाण्याची त्यांची खोड इतर प्रकारांपेक्षा जास्त. कधी बऱ्याच वर्षांनी. त्या जठराच्या अस्तराखालून पसरतात, त्यामुळे दुर्बिणीतून कधीकधी वरून सगळं ठीक दिसतं आणि वरवरच्या तुकड्यातही काही सापडत नाही.

म्हणून ज्यांच्या घरी आई, मावशी, काकू या आजारातून उठल्यात त्यांनी एवढं कराच : पोटाची तक्रार महिनाभर हटत नसेल तर डॉक्टरांना जुना आजार स्वतःहून सांगा, जुनी फाइल सोबत न्या. प्रत्येक ॲसिडिटी म्हणजे कॅन्सर नव्हे, हा प्रकार कमीच आढळतो. पण न सांगितल्याने वेळ जातो. या टप्प्यावर आजार मुळासकट जाणं अवघड असतं, हे लपवण्यात अर्थ नाही. औषधांनी तो आवरून धरता मात्र येतो, काहींना बराच काळ.

आता संकष्टी. याच गीतेत सतराव्या अध्यायात भगवंत कडक शब्दांत सांगतात, की शास्त्रात नसलेली घोर तपं करून जे शरीर सुकवतात, ते आत बसलेल्या मलाही छळतात. सहाव्यात तर सरळच म्हटलंय : फार खाणाऱ्याला योग साधत नाही, आणि अजिबात न खाणाऱ्यालाही नाही. आपल्या धर्मशास्त्राने पाणी, दूध, फळं आणि औषध यांनी व्रत मोडत नाही असं मानलंय. आजाऱ्याच्या वतीने घरच्या कुणी व्रत केलेलंही चालतं. म्हणजे ताई, उपास तुम्ही धरा, चंद्र तुम्ही बघा, आणि आईला गोळी वेळेवर द्या. आईचा शब्द मोडत नाही, तो फक्त तुमच्या हातात येतो. (साबुदाण्याची खिचडी तर तिला अजिबात देऊ नका. उपासाच्या नावाखाली आपण जे जड खातो, ते धडधाकट पोटालाही झेपत नाही!)

आणि ते चार प्रकारचं अन्न आठवा. चावायचं, गिळायचं, चाटायचं, चोखायचं. चाटण आणि चोखणही भगवंताने आपल्या कामात मोजलंय. ज्वारीच्या आंबिलीचे चार चमचे, वरणाचं पाणी, ओठाला लावलेलं मोदकाचं सारण. आईला वाटतं, ताटभर जेवता येत नाही म्हणजे अन्नपूर्णेचा अपमान झाला. नाही हो. चार चमच्यांनाही तोच वैश्वानर बसलाय. काय आणि किती द्यायचं ते मात्र डॉक्टरांना विचारूनच.

ताईंच्या पत्रात एक ओळ अजून आहे : नातेवाईक म्हणतात, "मागच्या जन्माचं काहीतरी असेल." या माणसांना कळंबचीच कथा सांगा. गणेशपुराणात गौतमांच्या शापाने इंद्राचं सगळं अंग विद्रूप झालं. लाजेने तो कमळाच्या देठात लपला. पुढे कदंबाखाली बसून त्याने गणेशाची उपासना केली, ते ठिकाण म्हणजे आपलं कळंब, असं मानतात. इंद्राने खरोखर पाप केलं होतं, तरी चिंतामणीने त्याला हाकललं नाही. मग काहीही न केलेल्या बाईच्या अंगावर तो कशाला शिक्षा लिहील? लोब्युलर पेशीला पूर्वजन्म माहीत नसतो. श्रीरामकृष्ण १८८६ साली घशाच्या कॅन्सरने गेले, आपले तुकडोजी महाराज १९६८ साली कॅन्सरनेच गेले, नागपूरच्या कॅन्सर रुग्णालयाला आज त्यांचं नाव आहे. त्यांचं कोणतं पाप शोधणार? रामकृष्णांना गिळता येईना तेव्हा शिष्यांनी गळ घातली, देवीला सांगा, थोडं तरी खाता येऊ दे. त्यांनी विचारलं, आणि देवीने शिष्यांकडे बोट दाखवलं : इतक्या तोंडांनी तू जेवतोच आहेस की!

कळंबचं देऊळ जमिनीखाली आहे, पायऱ्या उतरून जावं लागतं. आईला आता ते जमत नाही, याचं तिला फार वाईट वाटतं. पण तिथल्या कुंडाचं पाणी काही वर्षांनी आपणहून वर चढतं आणि मूर्तीच्या पायांना लागतं, हे तिने तुमच्याआधी ऐकलेलं असणार. तिलाच सांगायला लावा ती गोष्ट. सांगता सांगता दोन चमचे जास्त जातील.

उद्या श्लोक १५ : आठवण, ज्ञान आणि विसर, तिन्ही माझ्याकडूनच, असं भगवंत म्हणतात. केमोनंतर विसरायला होतं अशी तक्रार अनेकींची असते, त्यावर थोडं बोलू. मोरया!