कीर्तनातले खंडन आणि कीर्तनातला द्वेष

शंका : आमच्या गावच्या सप्ताहात बाहेरगावच्या महाराजांनी कीर्तनात एका समाजाचे नाव घेऊन 'त्यांच्या दुकानातून काही घेऊ नका' असे सांगितले. मी सप्ताह कमिटीत आहे. हरकत घेतली तर 'धर्मप्रचाराच्या आड येतोस' म्हणतात. गप्प बसलो तर पाप लागेल का, आणि गुन्हाही? – एक माळकरी

समाधान : माउली, हरकत जरूर घ्या. राज्यघटनेच्या 25व्या कलमाने महाराजांना धर्मप्रचाराचा हक्क दिला आहे, पण सार्वजनिक सुव्यवस्थेच्या अधीन राहून. दुसऱ्याचे मत खोडून काढावे, बुवाबाजीवर कोरडे ओढावेत, हे आपल्या संतांनीही केले. शेजारच्या दुकानदाराचे गिऱ्हाईक तोडायला सांगण्यात मात्र कोणते मत खोडले जाते? तिथे घाव पोटावर बसतो.

धर्मावरून समाजासमाजांत वैर पसरवले, तर भारतीय न्याय संहितेच्या 196व्या कलमाखाली तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. तेच देवळात किंवा उपासनेसाठी जमलेल्या मंडळींत केले, तर पाच वर्षांपर्यंत. मला हे रास्त वाटते. नारदाच्या गादीवरून आलेला शब्द भाविक तपासून पाहत नाही, शिरोधार्य मानतो.

पण हाच कायदा उठसूट वापरण्याचा मोहही टाळावा. मन दुखावले की गुन्हा झाला, असे नसते. धर्माच्या अपमानाबद्दलचे 299वे कलम (जुने 295अ) लागायला जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूने केलेला अपमान लागतो; 1957 मध्ये रामजीलाल मोदी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते याच आधारावर वैध ठरवले. शब्दांचा परिणाम खंबीर, विचारी माणसाच्या नजरेने जोखावा, हळव्या मनाच्या नव्हे, ही कसोटी न्या. विवियन बोस यांनी नागपूरच्या उच्च न्यायालयात घालून दिली. 1988 मध्ये 'तमस' मालिकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तीच लावली. तेव्हा उद्या कोणी आपल्या व्रतवैकल्यांवर टीका केली, तर आपणही पोलीस ठाणे गाठू नये, उत्तर द्यावे.

नुसते गप्प बसणे कायद्याने गुन्हा नाही. पापाचे म्हणाल, तर श्रीगोंद्याच्या शेख महंमदांना संत मानणाऱ्या संप्रदायात हे ऐकून घेणे मला तरी पापच वाटते. आधी महाराजांशी एकांतात बोला, मग कमिटीत विषय काढा आणि कमिटीला हे मान्य नाही, असे त्याच ध्वनिक्षेपकावरून गावाला सांगा. त्यानंतरही दुकानदाराला कोणी दमदाटी केली, तर पोलिसांत जायला कचरू नका. अशा भाषणांवर तक्रारीची वाट न पाहता गुन्हा नोंदवा, असे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2023 मध्ये सर्व राज्यांना बजावले आहे. आणि पुढच्या वर्षीची तारीख ठरवण्याआधी महाराजांकडून याबाबत शब्द घ्या. देत नसतील, तर दुसरे कीर्तनकार बोलवा.