नित्यकर्म आणि रुळाखालची खडी

मीमांसाशास्त्रात कर्माचे तीन प्रकार सांगितले जातात: रोज करावयाचे ते नित्य, ग्रहणासारखे निमित्त घडल्यावर करावयाचे ते नैमित्तिक, आणि फळाच्या इच्छेने केलेले ते काम्य. यांपैकी नित्यकर्माविषयीचा वाद फार जुना आहे. संध्यावंदन केल्याने वेगळे फळ मिळत नाही, परंतु ते चुकल्यास दोष लागतो, आणि या दोषालाच प्रत्यवाय म्हणतात, असे मत मीमांसकांमध्ये प्रचलित होते. त्यावर शंकराचार्यांनी भाष्यांतून असा आक्षेप घेतला की न करणे हा अभाव आहे, आणि अभावातून दोषासारखी भावरूप गोष्ट कधी उत्पन्न होत नाही.

हा केवळ शब्दच्छल नव्हे, हे बागेत खडीवर छोटी रेल्वे अंथरून तिची निगा राखणाऱ्याला चांगलेच उमगते. अशा रेल्वेच्या दोन रुळांतले अंतर बहुधा ४५ मिलिमीटर असते, आणि तिचे स्लीपर, म्हणजे रुळांखालच्या आडव्या पट्ट्या, सिमेंटात न पुरता बारीक खडीत बसवतात, कारण पितळी रूळ ३० अंशांनी तापला की दर १० मीटरमागे साडेपाच मिलिमीटरच्या आसपास वाढतो आणि त्याला सरकायला जागा नसेल तर वाकतो. नदीतले गुळगुळीत गोटे येथे उपयोगाचे नाहीत, ते एकमेकांवरून घसरतात. फोडलेल्या काळ्या दगडाचे कोन मात्र एकमेकांत अडकून भार पेलतात, आणि त्यांच्यामधल्या फटींतून पाणी निघून जाते. खडी काम करते ती जितकी दगडामुळे, तितकीच या फटींमुळे.

कोकणातला एक पावसाळा सरल्यावर मूठभर खडी उचलून पाहिली तर वरचे खडे धुऊन स्वच्छ झालेले दिसतात, पण दोन बोटे खाली तेच खडे तपकिरी चिखलाने एकमेकांना चिकटलेले असतात आणि त्यांतून गवताची पांढरी मुळे गेलेली असतात. एखाद्या सांध्यावर अंगठा दाबला की स्लीपर खाली जातो आणि बोट काढताच वर येतो. आता ही माती दुर्लक्षाने आणलेली नाही. ती पावसाने, पाचोळ्याने आणि गांडुळांनी आणली. दुर्लक्षाने तिला फक्त अडवले नाही. येथे आचार्यांचा आक्षेप पूर्णपणे टिकतो: नित्यकर्म चुकणे हे पूर्वी साचलेल्या पापाचे लक्षण आहे, कारण नव्हे, असे त्यांनी तैत्तिरीयभाष्यात म्हटले आहे, आणि सुटलेल्या निगेतूनही जे उघड होते ते आधीच साचलेलेच असते.

तरीही मीमांसकांचे म्हणणे मोडीत निघत नाही. बिघाडाचे कारण कोणते, हा एक प्रश्न. त्याचा दोष कोणाकडे, हा निराळा. दुसऱ्याचे उत्तर अधिकारात, म्हणजे त्या कर्माशी कर्त्याच्या बांधिलकीत, शोधावे लागते. पाऊस कारण असला तरी पावसाकडे अधिकार नाही; ज्याने रूळ अंथरला त्याच्याकडे तो आहे, म्हणून खडी उकरून, चाळून, धुऊन स्लीपरखाली पुन्हा ठोकून बसवणे त्याला चुकत नाही.

हे सारे शेवटी खेळण्यासाठी, असा आक्षेप घेतला जाईल. त्याचे उत्तर रायगड जिल्ह्यातल्या पालीत आहे. गणेशपुराणातील कथेप्रमाणे बल्लाळ नावाचा मुलगा सवंगड्यांसह दगड मांडून गणेशपूजेचा खेळ खेळत असे, आणि वडिलांनी रागाने भिरकावून दिलेला तो दगडच धुंडीविनायक म्हणून पुजला जातो. बल्लाळेश्वराआधी धुंडीविनायकाचे दर्शन घ्यावे, हा पालीचा रिवाज आहे. मुळात लाकडी असलेले बल्लाळेश्वराचे देऊळ १७६० च्या सुमारास दगडी झाले, पण पूजा तीच राहिली. खेळ म्हणून मांडलेला दगडही एकदा नित्यपूजेत आला की त्याची सेवा हलकी उरत नाही, हे या गावाने मानलेले आहे.

याच जिल्ह्यात १९०७ साली सुरू झालेल्या नेरळ–माथेरान रेल्वेच्या रुळांतले अंतर जेमतेम ६१० मिलिमीटर आहे. जुलै २००५ च्या अतिवृष्टीत तिचा मार्ग अनेक ठिकाणी वाहून गेला आणि गाडी पुन्हा धावायला २००७ उजाडले. नेरळपासून घाट चढणारी ही गाडी आजही पावसाळ्यात बंद ठेवतात, आणि मार्ग तपासून दुरुस्त झाल्यावरच ती पुन्हा वर जाते.