म्हणे, अशक्तपणा!

पालिकेच्या कुत्रा-नसबंदी केंद्रातलं तुझं मृत्यूचं रजिस्टर चाळलं. अख्खं पान एकाच अक्षरात, एकाच पेनाने भरलेलं. मृत्यूचं कारण : अशक्तपणा. त्याखाली ‘वरीलप्रमाणे’. त्याखाली पुन्हा ‘वरीलप्रमाणे’. आणि पानाच्या तळाशी तुझी सही. मोठी, वळणदार, खाली हुद्द्याचा शिक्का. मुख्य पशुवैद्यकीय अधिकारी.

अरे, अशक्तपणा हे काय निदान झालं? पॅथॉलॉजीच्या तोंडी परीक्षेत हे उत्तर दिलं असतंस, तर वर्गाबाहेर काढला असता तुला. तेव्हा तू ते दिलंच नसतंस. पोट उघडून बघितल्याशिवाय तू तोंड उघडत नव्हतास. आत बांधलेली गाठ सुटून रक्तस्राव झाला? वजन न करता अंदाजाने भूल दिली? शस्त्रक्रियेनंतर ओल्या फरशीवर पडून अंग गार पडलं आणि ते उठलंच नाही? की गाडीतून उतरलं तेव्हाच अंगात डिस्टेंपर होता? प्रत्येक कारणाचा उपाय वेगळा. ‘अशक्तपणा’ लिहिलं की कुठलाच करावा लागत नाही. म्हणून लिहितोस ना?

‘सर, शवविच्छेदनाला वेळ कुठे आहे?’ पेपरात बातमी आली की खुलाशाची तीन पानी टिपणी लिहायला मात्र तुला दुपारभर वेळ असतो. ती वाचली मी. भाषा फार छान. एवढी अक्कल एखाद्या मेलेल्या कुत्रीपाशी पाच मिनिटं खर्च केली असतीस, तर खुलासा लिहायची वेळच आली नसती.

तुझ्या हाताला सफाई आहे, हे मी चारचौघांत सांगत आलोय. बोटभर छेदातून गर्भाशय काढायचास. पण त्याच कौतुकाच्या आड आता तू लपतोस. मंत्री येणार म्हटलं की गाऊन चढवून टेबलापाशी उभा राहतोस, फोटो निघतो. मग पुन्हा केबिन, एसी, फायली. उंटावरून शेळ्या हाकायच्या होत्या, तर सात-सात तास उभं राहून सर्जरी कशाला शिकलास?

दरमहा आयुक्तांना आकडा पाठवतोस : इतक्या शस्त्रक्रिया झाल्या. शस्त्रक्रिया झाल्या, बरं. त्यातली स्वतःच्या चार पायांवर आपल्या गल्लीत परत किती गेली? हा रकाना तुझ्या तक्त्यात नाहीच. फॉर्मॅलिनच्या बरण्या कपाटात ओळीने लावल्यात. काढलेले अवयव आणि कागदावरचा आकडा जुळतो का, ते पडताळायला असतात त्या. झाकणांवरची धूळ बघितली. कुणी मोजलेत शेवटचे? तू? खोटं बोलू नकोस.

आता शाळकरी गणित. पिंजरे ७० धरू. रोज गाडीतून २० कुत्री उतरतात. एक दिवस उपाशी ठेवून तपासणी, मग शस्त्रक्रिया, मग जखम धरेपर्यंत देखरेख. आत आल्यापासून बाहेर जाईपर्यंत धड सहा दिवस. वीस गुणिले सहा, एकशे वीस. पिंजरे ७०. मग वरची ५० राहतात कुठे? मी सांगतो. काही एकाच पिंजऱ्यात दोन-दोन, एकमेकांचे टाके चाटत. काही दुसऱ्याच दिवशी गाडीत घालून परत. ज्यांचे टाके रस्त्यावर सुटतात, ती एखाद्या गॅरेजमागे जाऊन मरतात, आणि तुझ्या रजिस्टरात त्यांची नोंद ‘यशस्वी’. पिंजरे वाढवणं तुझ्या हातात नाही, मान्य. रोज किती उतरवायची हे कुणाच्या हातात आहे? सत्तरला सहाने भाग. अकरा. बाराव्यासाठी गाडी पाठवू नकोस.

‘आयुक्त ऐकणार नाहीत.’ हा भागाकार कागदावर मांडून त्यांच्यापुढे ठेवलास का? एकदा तरी? की ऐकणार नाहीत हे तूच परस्पर ठरवून मोकळा झालास?

‘कोर्टाचे आदेश सारखे बदलतात, सर.’ बदलले, खरंय. ११ ऑगस्ट २०२५ला सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी दिल्ली आणि आसपासची सगळी भटकी कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवा म्हटलं. २२ ऑगस्टला तीन न्यायमूर्तींनी त्यात दुरुस्ती केली : नसबंदी करा, लस द्या, जिथून उचललं तिथेच सोडा, रेबीज झालेलं, तसा संशय असलेलं आणि हल्लेखोर कुत्रं मात्र सोडू नका. ७ नोव्हेंबरला शाळा, रुग्णालयं, बसस्थानकं, रेल्वे स्थानकं इथली कुत्री परत तिथे सोडायची नाहीत, असा आदेश आला. या नोव्हेंबरच्या आदेशाचा तुझ्यासाठी अर्थ काय? या कुत्र्यांना परतीची तारीखच नाही. वरच्या गणितातले सहा दिवस त्यांच्यापुरते सहा वर्षं होतात. त्यांचे पिंजरे एकदा अडले की अडलेच. म्हणजे त्यांना वेगळी जागा, वेगळा माणूस, वेगळी तरतूद हवी. हे पालिकेत कुणाला कळायला हवं होतं? लेखापालाला? आदेशाच्या प्रतीवर तू काय शेरा मारलास, तोही बघितला. ‘माहितीस्तव सादर.’ वा रे पठ्ठ्या!

आणि लोक काम करू देत नाहीत, हे रडगाणं तर बंदच कर. कुत्र्यांवरून लोक आज भांडायला लागले का? भटकी कुत्री मारण्यावरून १८३२ साली मुंबईत दंगल झाली, पारशी मंडळी रस्त्यावर उतरली. या खात्याच्या वाट्याला शिव्या पहिल्यापासून आहेत. सोसायटीतल्या बाईंना कुत्रं नको असतं, शेजारच्या काकांना त्याला भात घालायचा असतो, आणि नगरसेवक दोघांनाही ‘होतंय काम’ म्हणतो. तुला लोकांनी हार घालावेत म्हणून नेमलेलं नाही.

आता फ्रीज. लस दोन ते आठ अंश सेल्सियसमध्ये राहायला हवी, हे कंपाउंडरलाही पाठ आहे. तुझ्या फ्रीजच्या दारावर तापमानाचा तक्ता चिकटवलाय. सकाळी चार, संध्याकाळी चार. रविवारी सुट्टी, तरी चार. आणि ज्या दिवशी दिवसभर वीज नव्हती म्हणून तू शस्त्रक्रिया रद्द केल्यास, त्या दिवशीही चारच! दार उघडलं तर लसीच्या शेजारी दोन डबे आणि कोथिंबिरीची जुडी. ती लस टोचून कुत्र्याच्या कानाला खाच मारतोस. ती खाच बघून माणसं निर्धास्त होतात, पोरं त्याच्याजवळ जातात. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही, हे मी तुला नव्याने सांगायचं? तो तक्ता भरणारा शिपाई चुकला, मान्य. वाचणारा कुठे होता?

‘शस्त्रक्रिया, साफसफाई सगळं कंत्राटी संस्थेकडे आहे.’ काम कंत्राटाने दिलं असशील, डोळे दिले नाहीत ना? आजारी रांगेत फिरवलेली बादली आणि तोच पोछा निरोगी रांगेत जाताना मी पाहिला. फिनाईलचा वास आला म्हणजे स्वच्छता झाली, असं तुझ्या मुकादमाला वाटतं. पार्व्होचा विषाणू फिनाईलला भीक घालत नाही, जमिनीवर महिनोन्‌महिने टिकतो. त्याला ब्लीच लागतं, तेही आधी घाण धुऊन काढल्यावर. धुताना आधी निरोगी रांग, शेवटी आजारी. याला टेंडर लागतं? स्थायी समितीची मंजुरी लागते? वॉर्डात उभं राहून एकदा सांगायला लागतं.

दूध उतरलेली कुत्री उचलून आणलीय, कासेला पान्हा फुटलाय. पिल्लं कुठेत, विचारलं कुणी?

आणि कोपऱ्यातला तो कमरेतून मोडलेला कुत्रा. पुढच्या पायांवर फरफटत पाण्याच्या ताटलीपर्यंत येतो. पाठीला जखमा चिघळल्यात. किती दिवस झाले, कुणालाच सांगता येईना. २०२३चे नियम असाध्य आजारी किंवा प्राणघातक जखमी कुत्र्याला वेदनारहित मरण द्यायची मुभा देतात. त्यासाठी आयुक्तांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने पथक नेमायचं असतं. ‘समितीची बैठकच होत नाही.’ बैठक बोलवा, अशी टिपणी कुणी पाठवायची? त्या कुत्र्याने? उद्या प्राणिप्रेमी बोंब मारतील म्हणून तू निर्णय लांबवतोस आणि वर त्याला दया म्हणतोस. तुझ्या भित्रेपणाची किंमत ते जनावर रोज मोजतंय.

तुला यातलं काय माहीत नव्हतं, सांग. एकही गोष्ट नवी नाही. माठ विद्यार्थ्यावर मी कधी आवाज चढवला नाही, त्याचा उपयोग नसतो. तुझ्यावर चढवतोय, कारण तुला सगळं कळतं. कळून खुर्चीत बसून राहतोस.

बाकीचं आपण समोरासमोर बोलू. एक गोष्ट मात्र तोवर थांबणार नाही. तुझ्या गाडीवर जाळी घेऊन फिरणाऱ्या पोरांना विचारलं मी. ती कंत्राटी आहेत, म्हणून रेबीजची प्रतिबंधक लस एकालाही दिलेली नाही. एकाच्या मनगटावर दातांचे व्रण आहेत, हळद लावलीय त्याने. त्याला आज, हे वाचून झाल्या झाल्या, स्वतःच्या गाडीत घालून सरकारी रुग्णालयात ने. उरलेल्यांना उद्या.